ज्या दिवशी कुणी विरोध करत नाही

हर्णै बंदराच्या वाटेवर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मासेमारीवरची पावसाळी बंदी संपत आली की तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आपले खलाशी घेऊन कागदपत्रांसाठी येतात. मशिनवर अंगठा ठेवला तरी उमटत नाही. जन्मभर दोर ओढून आणि खाऱ्या पाण्यात राहून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या असतात. मग हात धुवा, पुसा, दुसरं बोट ठेवा. गेल्या खेपेला एक चाचा म्हणाले, "जन्म गेला या बंदरात, आता मी कोण ते हे मशीन सांगणार काय गो?" ते रागावले नव्हते, पण मला वाईट वाटलं.

तपासणीला माझा विरोध नाही. १९९३ मध्ये मुंबईत २५७ माणसांचा जीव घेणारं आरडीएक्स शेजारच्या रायगडात, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. पैसे घेऊन वाट मोकळी करणारे पोलीस आणि कस्टमवाले पुढे कोर्टात दोषी ठरले, हेही विसरू नका. २००८ मध्ये 'कुबेर' नौकेवरची माणसं मारून अतिरेकी समुद्रातूनच मुंबईत शिरले. पहिले बळी मच्छिमारच होते.

पण अशा हल्ल्यानंतर घाईघाईत काय काय मंजूर होतं आणि ते किती वर्षं राहतं, याकडे आपण बघतच नाही. सुतक चालू असताना विरोध कोण करणार?

अमेरिकेचंच बघा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी तिथल्या संसदेने अध्यक्षांना युद्धाचा अधिकार दिला. कनिष्ठ सभागृहात ४२० मतं बाजूने पडली, विरोधात एक. ते एक मत बार्बरा ली यांचं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्या ठरावात मुदत नव्हती, कुठल्या देशापुरता हेही नव्हतं. त्याच्या आधारावर पुढच्या अध्यक्षांनी, पक्ष कुठलाही असो, २००१ मध्ये अस्तित्वातच नसलेल्या इसिस या अतिरेकी संघटनेवरही बॉम्ब टाकले. ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासकांचा २०२१ चा अंदाज आहे की या युद्धांचा खर्च ८ लाख कोटी डॉलर आणि थेट हिंसाचारात गेलेले जीव सुमारे ९ लाख.

आणि ते युद्ध घरी परतलं. सरकार आपल्याच नागरिकांच्या फोनच्या नोंदी गोळा करतंय हे २०१३ मध्ये गुप्तचर खात्याची कागदपत्रं फोडणाऱ्या स्नोडेनमुळे कळलं. पुढच्या वर्षी फर्ग्युसन गावात निदर्शकांसमोर पोलीस चिलखती गाड्या घेऊन उभे राहिले. मग ट्रम्प आले. मुसलमानांना देशात येऊ देऊ नका असं ते म्हणाले आणि इराकचं युद्ध ही घोडचूक होती असंही म्हणाले. लोकांच्या मनातली भीती आणि युद्धाचा वीट, दोन्हीवर एकाच माणसाने मतं मागितली. इतकी वर्षं दोन्ही पक्षांनी या युद्धाचा हिशेब दिला नव्हता, म्हणून हे जमलं असं माझं ठाम मत आहे.

सप्टेंबर २०२५ पासून त्यांचं सैन्य कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांचा संशय असलेल्या छोट्या बोटी उडवू लागलं. खटला नाही, अटक नाही. आतली माणसं दहशतवादी, एवढं सांगितलं की झालं. कोलंबियाचे अध्यक्ष पेट्रो म्हणाले, त्यात आमचा एक मच्छिमार मेला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या होड्याही लांबून ठिपक्यासारख्याच दिसतात.

आपल्याकडे टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ मध्ये पंजाबसाठी आला आणि हजारो माणसं गुजरातेतही आत गेली. पण त्या कायद्याला मुदत होती. दर दोन वर्षांनी संसदेसमोर जावं लागायचं, म्हणूनच १९९५ मध्ये तो संपला. त्यानंतरचा तसाच कायदा पोटा २००४ मध्ये रद्द झाला, पण त्याच वेळी त्यातली बरीच कलमं यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्यात गेली. त्याला मुदतच नाही. २००८ च्या डिसेंबरमध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला महिनाही झाला नसताना, त्यात दुरुस्ती होऊन जामीन आणखी अवघड झाला. २०१९ पासून संघटनेलाच नव्हे, एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करता येतं, तेही खटल्याआधी. सरकारं बदलली, पण कुणीही ही कलमं सैल केली नाहीत. कारण सैल करणारा पुढच्या सभेत देशद्रोही ठरतो.

जुलै २०२५ मध्ये विधानसभेत कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं, तेव्हा ठाम विरोध केला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी. तोही किनाऱ्यावरचाच मतदारसंघ.

आमच्याकडे प्रचाराला येणारे एलईडी दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी आणि डिझेलच्या परताव्यावर दोन वाक्यं बोलतात, मग पाकिस्तानवर घसरतात. टाळ्या तिथेच पडतात. आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर नेपाळी खलाशाकडे, रोज मासे विकणाऱ्या चाचांकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. हे मी दुकानात बसून बघते.

यूएपीएसारख्या कायद्यांना टाडासारखी दोन वर्षांची मुदत घाला, दर वेळी किती धरले, किती सुटले, किती दोषी ठरले ते सभागृहात मांडा, मग मुदत वाढवा. पुढच्या वेळी मतं मागायला कुणीही आलं, तरी मी हे सगळ्यांसमोर विचारणार आहे.