उजेडात धरलेलं लुगडं

लहानपणी दुपारी दारात बोहारीण बसायची. आई साडीची घडी अशी घालायची की फाटकी बाजू आत राहावी. ती बाई साडी फर्रकन झटकायची, उजेडात धरायची आणि नेमकी फाटकी जागाच आईपुढे यायची. "ह्याला काय येनार ताई? आनखी एक पँट टाका." तासभर घासाघीस झाली की मग एकदाचं स्टीलचं पातेलं घरात यायचं.

परवा आजीचं इरकली लुगडं मी तस्संच खिडकीशी धरलं. कासोट्याच्या ओढीला, बसायच्या जागी, गुडघ्यांशी नुसती जाळी. काठ मात्र शाबूत, आणि तांबडा पदर तर कालच मागावरून उतरल्यासारखा. माझ्या वहीत जाकिटाचं चित्र आधीच तयार होतं: लांब, बंद गळ्याचं, पाठ अखंड. नऊ वारांत पाठीएवढा धड तुकडा काही मिळाला नाही. चित्र खोडलं.

नव्या कापडाचं बरं असतं. मनात बेत, मग दुकान, 'अडीच मीटर द्या', झालं. जुन्याची आधी मनधरणी करावी लागते. कुठे डाग, कुठे रफू, कुठे विरलंय, तिथे खडूच्या खुणा; उरेल तेवढ्यात आपली अक्कल चालवायची. जुन्यातून असं नवं करण्याला 'अपसायकलिंग' म्हटलं की भारी वाटतं. आई म्हणाली, "मग गोधडी काय वेगळी असते?" खरंच, गोधडीचं चित्र आधी कोण काढतं? कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका जुन्या कपड्यांची कौदी, म्हणजे त्यांची गोधडीच, शिवतात. तिच्या चारही कोपऱ्यांना कापडी त्रिकोणांची 'फुलं' हवीतच. ती चैन मात्र चिंध्यांतूनही सुटत नाही.

जुने कपडे फाडून पुन्हा सूत काढायची सोयही आहे. पानिपतात जगभरचे लोकरी कपडे येतात. बटणं-चेन काढून, रंगवार ढीग लावून त्यांचा पिंजून धागा होतो आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, धागा कमजोर पडतो. म्हणून जिथे कापड धड आहे तिथे ते कापडच राहू द्यावं, असं माझं मत.

खुणा करताना हात पदराच्या जोडावर थांबला. इरकली लुगडी जिथली, त्या कर्नाटकातल्या इलकलचे विणकर अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा रेशमी ताणा वेगवेगळा घेतात आणि धाग्यात धागा अडकवून फासांनी जोडतात. म्हणून तर अशा पदराचा, टोपपदराचा, तांबडा रंग अचानक, एका रेषेत सुरू होतो. बोटाला तिथे बारीकशी कड लागते. मी ती रेष शिवणीत दडवणार होते. ती पाठीवर आडवी घेतली: वर हिरवं, खाली तांबडं. अखंड पाठीचा प्रश्न असा सुटला.

मास्तरांनी कापड चिमटीत धरून मान हलवली. "अस्तराशिवाय शिलाई धरनार नाही. आणि सुई बारीक लावावी लागंल. मजुरी नव्या जाकिटापेक्षा जास्त पडंल, आत्ताच सांगून ठेवतो." पडली.

जाकीट घरी आणलं. आईनं ते हातात घेतलं, अंगाला लावून बघण्याआधी खिडकीशी गेली आणि उजेडात धरलं.