चार, तीन, दोन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण स्नेहसंमेलन, सहल आणि छडीबद्दल लिहितील, आणि लिहावंच. मला मात्र शनिवारच्या इंग्रजीच्या तासाबद्दल लिहायचंय. आज माझं बरंचसं काम परदेशातल्या लोकांशी फोनवर इंग्रजीत बोलण्याचं असतं, आणि त्यातलं जे काही धड जमतं ते त्या तासात सुरू झालं.

आमची मराठी माध्यमाची तुकडी, इंग्रजी पाचवीपासून. नववीत येईपर्यंत ॲक्टिव्हचं पॅसिव्ह, डायरेक्टचं इनडायरेक्ट आणि गाळलेल्या जागा यांत आम्ही पटाईत झालो होतो. पण "काल काय केलंस?" एवढं कुणी इंग्रजीत विचारलं की पहिल्या नंबरची मुलंही खाली बघायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे बोलता बोलता विचार करायला उसंत मिळते. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद हवं, तेही काळासकट. प्रश्न विचारायचा तर डू, डिड की हॅव हे तोंड उघडण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. मनात अख्खं मराठी वाक्य जुळवून मग ते फिरवत बसलं तर समोरचा दुसरीकडे बघू लागतो. लिहिताना हे खपून जातं, कागदाला घाई नसते.

नववीत इंग्रजीला नव्या बाई आल्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी बाकं समोरासमोर लावून घेतली. विषय ज्याचा त्याने निवडायचा, पण स्वतःला पक्का माहीत असलेला : सायकलचं पंक्चर कसं काढतात, धाकट्या भावाच्या खोड्या, नुकतीच बघितलेली मॅच. समोरच्याला तो चार मिनिटं इंग्रजीत सांगायचा. बाईंनी टाळी वाजवली की एका रांगेने एक बाक पुढे सरकायचं आणि तीच गोष्ट नव्या जोडीदाराला सांगायची, आता तीन मिनिटांत. पुन्हा टाळी, पुन्हा सरकणं, आणि तीच गोष्ट दोन मिनिटांत. मग ऐकणाऱ्यांची पाळी.

वर्गात एवढा गलका व्हायचा की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून जायचे. त्या गलक्याचे उपकार फार मोठे. फळ्यापुढे उभं राहून बोलताना साठ डोळे अंगावर असतात. इथे अर्धा वर्ग एकदमच बोलतोय, त्यामुळे माझं अडखळणं समोर बसलेल्या एकीलाच ऐकू येणार, आणि थोड्या वेळाने तिलाही अडखळायचंच आहे.

ही युक्ती इतकी का लागू पडायची, हे तेव्हा कळलं नाही. पहिल्या वेळी काय सांगायचं आणि कसं सांगायचं, दोन्ही शोधावं लागतं, त्यामुळे चार मिनिटं संपता संपत नाहीत. दुसऱ्या वेळी मजकूर हाताशी असतो, म्हणून लक्ष शब्दांकडे जातं. तिसऱ्या वेळी शब्दही आयते येतात, उरतो फक्त वेग. शिवाय ऐकणारी व्यक्ती दर वेळी नवी असते. तिला गोष्ट खरोखरच ठाऊक नसते, म्हणून ते पाठांतर होत नाही, सांगणंच राहतं. पुढे भाषाशिक्षणावर वाचताना कळलं की ही पद्धत 'फोर-थ्री-टू' नावानेच ओळखली जाते. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांच्या लेखनातून ती पुष्कळ शिक्षकांपर्यंत गेली.

बाई मध्ये कुणालाच टोकत नसत. वही घेऊन बाकांमधून फिरायच्या आणि तासाच्या शेवटी ऐकलेली काही वाक्यं फळ्यावर लिहायच्या, नाव न घेता. ती वर्गाने दुरुस्त करायची. आपलं वाक्य आपल्याला बरोबर ओळखू यायचं, बाकी कुणाला नाही. अडलेल्या शब्दाजागी बिनधास्त मराठी शब्द टाकायची मुभा होती, फक्त थांबायचं नाही. तो शब्द घरी जाऊन शोधायचा आणि पुढच्या शनिवारी वापरून दाखवायचा. 'आज मराठी बोलाल तर दंड' असे इंग्रजी दिवस पाळणाऱ्या शाळा नंतर मी बघितल्या. तिथे मुलं इंग्रजी बोलत नाहीत, गप्प बसतात, दंड वाचवण्याचा तोच सोपा मार्ग. परकी भाषा वर्गात बोलतानाची भीती ही एक वेगळी भीती मानावी, असं एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं आणि ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. आपल्याकडे या भीतीला सरसकट 'अभ्यास कमी पडतो' म्हणतात.

उरलेले दिवस रेडिओचे. व्हॉइस ऑफ अमेरिकाचा 'स्पेशल इंग्लिश' हा कार्यक्रम १९५९ पासून चालत आलेला. जवळपास १५०० शब्दांत बसवलेल्या बातम्या, छोटी वाक्यं, आणि नेहमीपेक्षा बरीच संथ गती. बाईंचा आग्रह असा की नुसतं ऐकायचं नाही, निवेदकाच्या मागोमाग तेच पुटपुटायचं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हे करून घेतात, त्याला शॅडोइंग म्हणतात. खरखरीतून जेवढं कानावर पडे तेवढं मी पुटपुटत राही, आणि आईला वाटे मुलीला काहीतरी झालंय. अर्थ अर्धाच कळायचा, पण लय तोंडात बसत गेली. मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबून जातात. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफरमध्ये 'टो'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रा'वर. हा जोर चुकला की सोपा शब्दही समोरच्याला कळत नाही. व्याकरणाची बारीकसारीक चूक मात्र सहसा कुणी मनावर घेत नाही.

नोकरीत फोनवर बोलणं सर्वांत अवघड गेलं, कारण समोरच्याचे ओठ आणि हातवारे दिसत नाहीत. पण थोड्याच काळात लक्षात आलं की पलीकडच्या बहुतेकांची मातृभाषाही इंग्रजी नाही. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये ती मागाहून शिकलेलेच संख्येने जास्त आहेत. तेही आर्टिकल गाळतात, तेही 'जरा पुन्हा सांगता का?' विचारतात. ते वाक्य आधीच तोंडात तयार असलेलं बरं, आयत्या वेळी तेच आठवत नाही.

आता साधनांना तोटा नाही. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकता येतं. पहिल्यांदा आवाज परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो भाग गळतो. संवाद साधणारी ॲप्स आहेत, ती चांगलीही आहेत. माझी तक्रार एवढीच की ती कधी कंटाळत नाहीत. समोरचीच्या कपाळावर आठी आली की वाक्य फिरवून सांगायचं, हे शिकायला आठी घालणारं माणूसच लागतं.

बाई बदलून गेल्या आणि तो तासही बंद झाला, असं मागच्या मेळाव्यात कळलं. शाळेने महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. बरेच जण भाषा-प्रयोगशाळा आणि संगणक सुचवतील. माझी सूचना बिनखर्चाची आहे : आठवी-नववीला आठवड्यातून एक तास, समोरासमोर बाकं, एक घड्याळ आणि मध्ये न टोकणारे शिक्षक. टाळी वाजवायला आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यातही कंटाळा न करता ती वाजवत राहायला कुणी हवं असेल, तर शनिवारी सकाळी मी मोकळी असते.