फुई की इबा?

मंगळवार, 11 नोव्हेंबर. सालामांका, स्पेन.

आज सकाळी शेजारच्या बाईंबरोबर तोर्मेस नदीवरच्या रोमन पुलापर्यंत फिरायला गेले होते. पाण्यावर धुके होते, पुलाच्या कमानी अर्ध्याच दिसत होत्या, आणि ते पाणी पाहताना मला एकाएकी गोदावरीचा घाट आठवला. माझ्या जमेल तशा स्पॅनिशमध्ये मी त्यांना म्हटले, ‘दे निन्या, फुई अल रिओ कोन मि आबुएला.’ लहानपणी मी आजीबरोबर नदीवर जात असे, असे मला सांगायचे होते. त्या थांबल्या आणि आस्थेने विचारते झाल्या, ‘ऊना बेस?’ म्हणजे, एकदाच? मला चटकन उत्तर सुचले नाही. आजीने ज्या घाटावर माझा हात धरून मला वर्षानुवर्षे नेले, तिथल्या सगळ्या पहाटांची माझ्या एका चुकीच्या रूपाने एकच पहाट होऊन बसली होती.

घरी आल्यापासून तेच मनात घोळत आहे. वहीत ‘इर’ म्हणजे ‘जाणे’ या क्रियापदाची रूपे गेल्या आठवड्यातच लिहून काढली होती. वर्तमानकाळ : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. (लिहिताना इथे ‘व’चे अक्षर येते, पण उच्चार ‘ब’चाच होतो.) घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा भूतकाळ : इबा, इबास, इबा, ईबामोस, इबाइस, इबान. भविष्यकाळ : इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि रामः रामौ रामाः वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेतले. पाठांतराला मी कधीच कमी लेखले नाही आणि आजही लेखत नाही. पण रूपे पाठ असणे वेगळे आणि पुलावर उभे राहून त्यातले नेमके रूप ओठांवर येणे वेगळे, हे आज विद्यार्थिनी म्हणून मला कळले.

मला हवे होते ते ‘इबा’. मराठीत आपण ‘मी जात होते’, ‘मी जात असे’ आणि ‘मी जायचे’ अशी वेगवेगळी रूपे वापरतो. अपूर्ण भूतकाळ निराळा आणि रीतिभूतकाळ निराळा. स्पॅनिश माणसाला या सगळ्यासाठी एकटे ‘इबा’ पुरते, आणि वाटेत होते की रोजचा परिपाठ होता, हे तो संदर्भावरून ओळखतो. ‘फुई’ मात्र ‘मी गेले’ इतकेच सांगते; गेले आणि ते जाणे तिथेच संपले. तेव्हा आपल्या मनाशी ‘जायचे’ आणि ‘गेले’ यांतला फरक स्पष्ट असला की अर्धे काम होते, आणि तो फरक मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

दुसऱ्या एका जागी मात्र मराठीची सवय वाट चुकवते. या पानावरचे पहिलेच वाक्य मी ‘फिरायला गेले होते’ असे लिहिले आहे. कुणाही मराठी माणसाला त्यात वावगे वाटणार नाही. पण त्याचे शब्दाला शब्द ‘आबिया इदो’ असे केले, तर इथला माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत राहील, कारण ते रूप दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठीच राखलेले असते. आज सकाळचीच गोष्ट म्हणून स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘ए इदो’ म्हणतील, म्हणजे दिसायला आपले ‘गेले आहे’. आणि मराठीत ‘ती पुलावर गेली आहे’ म्हटले, तर ती अजून तिथेच आहे असा अर्थ होतो! सांगाडा अगदी सारखा, आपल्याकडे ‘असणे’ आणि त्यांच्याकडे ‘आबेर’ हे सहायक क्रियापद, तरी आतला अर्थ सरकलेला. अशा सारखेपणापासून मी अधिक जपून राहते.

संध्याकाळी पुस्तकात या क्रियापदाला दिलेले ‘अनियमित’ हे नाव पुन्हा वाचले आणि ते मनाला पटले नाही. बोय, फुई आणि इबा ही एका क्रियापदाची बिघडलेली रूपे नाहीत. ती मुळात तीन वेगळ्या लॅटिन क्रियापदांची धड रूपे आहेत. ‘इबा’, ‘इरे’ आणि ‘इदो’ ही ‘ईरे’ म्हणजे ‘जाणे’ याची. लॅटिनमध्ये ‘ईबाम’ होते, त्यातला ‘ब’ दोन हजार वर्षे टिकून आज ‘इबा’त ऐकू येतो. ‘बोय’, ‘बामोस’ आणि विध्यर्थाचे ‘बाया’ ही ‘वादेरे’ या दुसऱ्या क्रियापदाची. त्याचाही अर्थ चालणे, पुढे जाणे असाच. आणि ‘फुई’ तर ‘असणे’ या क्रियापदाचा भूतकाळ. म्हणूनच स्पॅनिशमध्ये ‘सेर’ (असणे) आणि ‘इर’ (जाणे) यांची ही सहाही रूपे अक्षरशः एकच आहेत. ‘फुई माएस्त्रा’ म्हणजे मी शिक्षिका होते, आणि ‘फुई आ ला एस्कुएला’ म्हणजे मी शाळेत गेले. ‘असणे’ हे ‘जाणे’च्या घरात कसे शिरले असेल, याचा विचार करताना मला आपलेच वाक्य आठवले. ‘मी काल पुण्याला होते’ असे कुणी म्हटले की ती पुण्याला गेली होती हे त्यातच येते.

इथून पुढचे लिहिताना हात थोडा थरथरतो आहे, इतका आनंद झाला आहे. लॅटिन ‘ईरे’ आणि संस्कृत ‘इ’ धातू यांचे मूळ एकच. एति म्हणजे जातो. याच धातूपासून अयन, आणि अयनापासून उत्तरायण. लॅटिन ‘फुई’ आणि संस्कृत ‘भू’ यांचेही मूळ एकच. त्या ‘भू’पासून आपले ‘होणे’ आले, आणि ‘भूतकाळ’ या शब्दातले ‘भूत’ही त्याचेच. म्हणजे ज्या रूपाने मी आज सकाळी अडखळले, त्याचे नाते आपण भूतकाळाला दिलेल्या नावाशीच आहे. तीस-पस्तीस वर्षे हे धातू मी फळ्यावर लिहिले, आणि ते मला तोर्मेसच्या काठी अशा वेषात भेटतील असे कधी मनात आले नव्हते.

आणि मग साहजिकच स्वतःच्या भाषेकडे वळले. ‘मी जाते’ आणि ‘मी गेले’. जाते आणि गेले यांत एक तरी अक्षर सारखे आहे का? ‘जाणे’ आले संस्कृत ‘या’ धातूपासून आणि ‘गेले’ आले ‘गम्’पासून, ‘गत’ या रूपावरून. आपले ‘जाणे’ही दोन घरचे आहे, आणि मराठी मूल ते एकाच घरचे समजून कुणीही न शिकवता बोलते. इतकी वर्षे मी ‘गेले’ म्हणत आले, पण त्यात दोन धातू आहेत हे जाणवायला मला परकी भाषा शिकावी लागली.

वेगवेगळ्या क्रियापदांचे असे एकत्र येणे अजून थांबलेलेही नाही. आमच्या शिक्षिका सांगत होत्या की अर्जेंटिनात ‘तू’साठी ‘बोस’ म्हणतात आणि त्याच्याबरोबर आज्ञार्थाचे वेगळे रूप येते. पण ‘इर’चे तसे रूप बनवायला गेले तर नुसता एक ‘ई’ स्वर उरेल, म्हणून तिथले लोक सरळ ‘आंदार’ म्हणजे ‘चालणे’ या क्रियापदाचे ‘आंदा’ वापरतात. उसने घेतलेले हे चौथे घर. स्पेनमध्ये अनेकांना उद्देशून ‘निघा’ म्हणताना व्याकरणाप्रमाणे ‘इदोस’ म्हणायला हवे, पण लोक ‘इरोस’ म्हणत राहिले, आणि 2017 मध्ये स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीने तेही ग्राह्य मानले.

विध्यर्थ मात्र मला मुळीच जड गेला नाही. ‘किएरो के बायास’ म्हणजे ‘तू जावेस असे मला वाटते’. आपले ‘जावे’ ज्या ठिकाणी येते, तिथे बहुधा ‘बाया’ ठेवावे. संकेतार्थाचा सराव उद्या करायचा आहे. ‘सि फुएरा होबेन, इरिया आंदान्दो’, मी तरुण असते तर चालत गेले असते. यातले ‘फुएरा’ हे ‘सेर’चे की ‘इर’चे, हे ‘होबेन’ ऐकल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट अजून जमत नाही. शेजारच्या बाईंच्या दारातून निघताना ‘मे बोय’ म्हणायचे असते, म्हणजे ‘मी जाते’. आईने आणि आजीने दारात उभे राहून ‘जाते’ म्हणू नये असे शिकवले, ‘येते’ म्हणावे. त्यामुळे शब्द घशाशी अडतो आणि मी मराठीतच ‘येते हं’ म्हणून निघते. त्यांनाही आता त्याची सवय झाली आहे. आज शोधता शोधता कळले की स्पॅनिश ‘बेनिर’ म्हणजे ‘येणे’ आणि आपला ‘गम्’ यांचे मूळ एकच आहे. आपल्या ‘गेले’तला धातू इथे ‘येणे’ झाला आहे.

उद्या सकाळी पुन्हा पुलावर जायचे ठरले आहे. वाक्य वहीत लिहून तीनदा मोठ्याने म्हटले. ‘दे निन्या, इबा अल रिओ कोन मि आबुएला, तोदोस लोस दियास.’ लहानपणी मी आजीबरोबर नदीवर जायचे, रोज.