काळ्या बिअरचा गारठा उतरू द्या

मुंबईत बिअर घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चिल्ड आहे ना?" बिअर शॉपीवाला फ्रीजमध्ये पार मागच्या रांगेपर्यंत हात घालतो, बाटली बाहेर येते तोच तिला दव सुटतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. मे महिन्यात विरार लोकलमधून उतरलेल्या माणसाला दुसरं काही नको असतं आणि त्याचं अगदी बरोबर आहे. फिकट लागर, म्हणजे आपली नेहमीची सोनेरी बिअर, असते त्यासाठीच.

पण तोच नियम आपण काळ्या बिअरला लावतो आणि दोन घोटांत निकाल देऊन मोकळे होतो: कडू आहे, जड आहे, आपल्याला नाही झेपत. माझं म्हणणं एवढंच आहे की या लोकांनी ती बिअर अजून नीट चाखलेलीच नसते. बर्फासारख्या थंड पेयात वास उठत नाही, गोडवा दबून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे रेंगाळतो. जे मिळायला हवं ते ग्लासातच अडकून राहतं.

मी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर वास घेणं, चव घेणं आणि पाकिटांवरच्या तारखा तपासणं हेच काम. त्यामुळे बिअरकडेही मी तशीच बघते. आधी नाक, मग जीभ, आणि या दोन्हींच्या आधी बाटलीची मागची बाजू.

काळी बिअर काळी का असते हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण आमच्या घरी थालीपिठाची भाजणी घरीच होते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची भाजायची वेळ वेगळी. आई धणे शेवटी घेते आणि कढईजवळून हलत नाही. एक घाणा जास्त भाजला गेला तर अख्ख्या डब्याला करपट वास लागतो. स्टाउटचं, म्हणजे या काळ्या बिअरचं, गणित असंच चालतं. बार्लीला मोड आणून, वाळवून केलेला फिकट माल्ट हा बिअरचा मुख्य भाग. त्यात अगदी काळी होईस्तोवर भाजलेली बार्ली साधारण दहा टक्के घातली, की पूर्ण पिंप काळं होतं. कॉफीचा, कडू चॉकलेटचा वास त्या भाजण्यातून येतो. वरून काही घातलेलं नसतं.

या भाजण्यालाही इतिहास आहे. अठराव्या शतकातलं लंडनचं पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद बिअर, लाकडाच्या धगीवर वाळवलेल्या तपकिरी माल्टचं असायचं, म्हणजे थोडं धुरकट. 1817 मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने फिरत्या पिंपात माल्ट भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. माल्ट न जळता काळाभोर करता येऊ लागला आणि चिमूटभर काळ्या माल्टवर रंगाचं काम भागायला लागलं. आजचं स्टाउट त्या यंत्राचं देणं लागतं.

आणि ही काळी बिअर मुंबईला नवी आहे असं कुणी समजू नये. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही फिकट, कडवट बिअर, हिंदुस्तानासाठी बनली ही गोष्ट प्रत्येक पबच्या मेन्यूवर छापलेली असते. पण त्याच जहाजांतून पोर्टरही यायचं, आणि भरपूर यायचं. फिकट एल साहेब लोकांच्या टेबलावर जायची, पोर्टर छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी असायचं. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कित्येक महिन्यांनी ती पिंपं मुंबई बंदरात उतरत. तेव्हा फ्रीज कुठे होता! दमट हवेत, आहे त्या तापमानाला लोक पोर्टर पीत होते. तेव्हा "आपल्या हवेला काळी बिअर चालत नाही" हे मला कुणी सांगू नये.

दुसरा गैरसमज नशेचा. रंग गडद म्हणजे जास्त चढणार, असं भलेभले धरून चालतात. गिनीज ड्राफ्ट या डब्लिनच्या स्टाउटमध्ये अल्कोहोल साधारण 4.2 टक्के असतं. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये सर्रास खपणारी सोनेरी स्ट्राँग 8 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ज्या ग्लासाला लोक बिचकतात तो निम्म्या ताकदीचा असतो. जडपणाचंही तसंच आहे. ती भरल्यासारखी लागते ती फेसामुळे.

हा फेस एकदा जवळून बघण्यासारखा असतो. माझा दीर मागे लंडनहून येताना व्हिस्कीऐवजी गिनीजचे चार डबे घेऊन आला. कस्टमची दोन लिटरची मुभा आणि 440 मिलीचे चार डबे, म्हणजे हिशोबात बसतं. डबा हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. तो एक छोटा पोकळ प्लास्टिकचा गोळा असतो, त्याला विजेट म्हणतात. डब्यात नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. डबा उघडला की दाब एकदम उतरतो आणि त्या गोळ्यातून बारीक फवारा सुटतो. ग्लासात ओतल्यावर सगळं तपकिरी, गढूळ दिसतं. मग काचेच्या कडेने बुडबुडे खाली जाताना दिसतात. बुडबुडे वर जायला हवेत ना? मध्यभागी ते वरच जात असतात. वर जाताना आपल्यासोबत बिअरही ओढतात, ती बिअर कडेने खाली उतरते आणि कडेच्या बारीक बुडबुड्यांना सोबत घेऊन येते. दोन मिनिटांत तळापासून काळं व्हायला सुरुवात होते आणि वर सायीसारखा घट्ट, बदामी थर उरतो. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे बारीक राहतात आणि जिभेला सोड्यासारखं चावत नाहीत.

दिराने लगेच ग्लास उचलला. मी म्हटलं, "थांब जरा. दहा मिनिटं ठेव तशीच."

"वहिनी, गरम होईल हो!"

"होऊ दे ना थोडी. एक घोट आत्ता घे आणि एक दहा मिनिटांनी. मग सांग."

दुसऱ्या घोटाला तो गप्प झाला आणि मग ग्लास दिव्यासमोर धरून बघायला लागला. दिव्यासमोर ती काळी दिसत नाही, गडद माणकाच्या रंगाची दिसते. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: डबा उघडायचा तो थंडच. कोमट डबा उघडला तर अर्धी बिअर ओट्यावर जाते. थंड उघडायचा, ग्लासात ओतायची आणि मग वाट बघायची. आणि ग्लास तेलकट नको. फोडणीच्या भांड्यांबरोबर घासलेल्या ग्लासात फेस बघता बघता बसतो. मी बिअरचे ग्लास वेगळे धुते आणि पालथे घालून वाळवते, फडक्याने पुसत नाही.

आता इम्पोर्टेडबद्दल. आपल्याकडे या शब्दाला फार वजन आहे, आणि दामदुप्पट पैसे त्या वजनाचे लागतात. पण बिअर हा वाण्याकडच्या मालासारखा तारखेचा मामला आहे. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा वास, तो संत्र्याच्या सालीसारखा किंवा कैरीसारखा ताजा वास, काही महिन्यांत उतरतो. उष्णतेत त्याहून लवकर. उपनगरातल्या एका मोठ्या दुकानातून मी एकदा नावाजलेली परदेशी आयपीए आणली होती. घरी येऊन ग्लासात ओतली तर नाकाशी ओल्या पुठ्ठ्याचा वास. दुकानात ती काचेच्या शोकेसमध्ये, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली उभी होती, किती महिने कोण जाणे. उजेडाचंही तसंच असतं. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू घटकांपासून एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं आणि बिअरला उग्र, जंगली जनावरासारखा दर्प येतो. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी काच फारसा अडवत नाही. शोकेसमधली हिरवी बाटली कितीही देखणी दिसो, मी आतल्या खोक्यातली मागते. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

शिवाय नाव परदेशी म्हणजे बिअर परदेशी असंही नसतं. हाइनकेन 2011 पासून आपल्या तळोज्यातच बनायला लागली. मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही, उलट तळोज्याहून मुलुंडला येणारी बाटली ताजी असते. फक्त पैसे कशाचे देतोय ते लेबल वाचून ठरवावं.

म्हणून माझी वाटणी अशी आहे. हॉप्सची आणि गव्हाची बिअर इथलीच, जमल्यास जिथे बनते तिथेच बसून. बाहेरून आणायची तर गडद आणि ताकदीची, जिला प्रवास सोसतो.

इथल्या बिअरबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये बार्किंग डिअर सुरू झालं तेव्हा मुंबईत जागेवर बिअर बनवणं ही नवलाई होती. गेटवे कंपनीची व्हाइट झेन ही गव्हाची बिअर डोंबिवलीत बनते हे कळल्यावर माझ्या माहेरच्या मंडळींना केवढा आनंद झाला होता! चांगल्या ताज्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, ते सगळं यीस्टचं काम. बाटलीत भरून, बोटीने फिरून आलेल्या बिअरमध्ये तो वास मंदावलेला असतो. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली डूलाली ही ब्रूअरी अंधेरीला आली, जागेवर बिअर बनवणारं टॉइटही लोअर परळला आलं, आणि पसंत पडेल ती बिअर आधी चवीपुरती मागून बघायची सोय झाली.

माझ्यासाठी या जागांचं मोल बिअरपलीकडचंही आहे. परमिट रूममध्ये बाईमाणसासाठी वरची एसी फॅमिली रूम असायची. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचं आणि वेटर नवऱ्याकडे बघत ऑर्डर विचारायचा. टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रूअरीच्या स्वतःच्या बारमध्ये, मी एकटी जाऊन काउंटरशी उभी राहते, ब्रूअरला विचारते की या खेपेला माल्ट कुठला घेतला, आणि तो मलाच उत्तर देतो. स्टाउट टॅपवर असेल तर मी गोठवलेला ग्लास परत करते आणि साधा मागते. पहिल्यांदा आश्चर्याने बघतात. मग ओळख होते.

बाहेरच्यांत माझी सगळ्यात आवडती शिमे ब्लू. बेल्जियममधल्या स्कुरमाँच्या मठातली, ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंची बिअर, 9 टक्के. बाटलीतच तिचं पुन्हा आंबवण होतं आणि तळाशी यीस्टचा साका असतो. मुंबईत काही मोठ्या दुकानांत मिळते, महाग मिळते, आणि मी ती वर्षातून मोजक्या वेळाच घेते. फ्रीजमधून काढून निदान अर्धा तास बाहेर ठेवते. साधारण 10 ते 12 अंशांना ती बोलायला लागते: मनुका, खजूर, थोडी मिरी, आणि मागे गुळाच्या काकवीचा वास. जवळ नाक नेल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. या बिअरला जुनी होण्याची भीती नाही. काही वर्षं अंधारात ठेवली तर अजून मुरते. दोघांत एक बाटली पुरते, आणि पुरवावी.

सोबत काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आयपीएबरोबर मालवणी सुकं घेऊ नका. हॉप्सचा कडूपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात आणि तोंडाची आग होते. त्याच सुक्या मटणाबरोबर माल्टची गोडी असलेली डुंकेल ही गडद जर्मन लागर घ्या, वाटलेल्या भाजक्या खोबऱ्याशी तिचं छान जमतं. डब्लिनकर स्टाउटबरोबर कालवं खातात. आपल्याकडे तिसऱ्या आहेत. ओलं खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं सुकं, कमी तिखट, आणि बाजूला स्टाउट. खारेपणाने स्टाउटचा करपटपणा मऊ होतो. काही नसेल तर घरी भाजलेले शेंगदाणे, सालासकट. गव्हाच्या बिअरबरोबर रव्यात घोळवलेले कुरकुरीत बोंबील, वर लिंबू.

दीर पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाला ब्रसेल्सला चाललाय. 330 मिलीच्या सहा बाटल्या मुभेत बसतात, तेव्हा मी यादी दिली आहे: "रोशफोर 10"च्या दोन, "वेस्टमाले डबल"च्या दोन, आणि उरलेल्या दोन तिथल्या दुकानदाराला विचारून, गडद असतील त्या. चेक-इन बॅगेत, जीन्समध्ये गुंडाळून. आल्या आल्या उघडायच्या नाहीत. दोन दिवस उभ्या ठेवायच्या, साका तळाशी बसू द्यायचा, आणि ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीत राहू द्यायचा. त्याने विचारलं, "वहिनी, फ्रीजमध्ये का बाहेर?" फ्रीजमध्येच ठेव म्हटलं, दाराच्या कप्प्यात. मी आले की बाहेर काढू.