फ्रिज रिपेअरिंग ते अ‍ॅक्सोलॉटलचे चिलर : आमची वाटचाल

भांडुपला आमचं फ्रिज-एसी रिपेअरिंगचं दुकान, बाबांच्या काळापासूनचं. लॉकडाऊनच्या थोडं आधी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, दादा, टँकचं पाणी 18 डिग्रीवर ठेवून द्याल का? टँकमध्ये मासा नव्हता, अ‍ॅक्सोलॉटल होता. मूळचा मेक्सिकोतल्या झोचिमिल्कोचा, न्यूट-सॅलमँडर म्हणजे पालीसारखे दिसणारे पण बेडकासारखे उभयचर, त्यांच्या गोतातला, मोठा झाला तरी कल्ले तसेच ठेवून जन्मभर पाण्यातच राहणारा. त्याला 16 ते 18 डिग्री मानवतं, 24 च्या वर गेलं की त्रास सुरू, आणि आपल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी सहज तिशी गाठतं.

लोक बर्फाच्या बाटल्या सोडतात, त्याने पाणी दिवसभर गार-गरम होत राहतं, आणि पंखा लावला तर मुंबईच्या दमट हवेत म्हणावा तसा फरक पडत नाही. मग चिलरच, म्हणजे टँकचं पाणी गार ठेवणारं मशीन. कॉम्प्रेसर आमच्या हातातला, पण फ्रिजला लागते तांब्याची नळी आणि तांबं पाण्यात उतरलं की या जिवांना ते विषच, म्हणून पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमची आणतो, गॅस, वायरिंग, थर्मोस्टॅट सगळं इथेच. चिलर गरम हवा बाहेर टाकतो, तो वन-आरकेमध्ये टँकशेजारीच ठेवला तर खोली तापते आणि तो अजून जास्त चालतो, म्हणून आम्ही तो गॅलरीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्येच बसवतो. पाण्याचा झोतही भिंतीकडे वळवतो, जोराचा प्रवाह याला सोसत नाही.

पिल्लांच्या खाण्याचं काम बायकोने सुरू केलं आणि आज खरं सांगायचं तर धंद्याचा निम्मा भार तिच्यावर आहे. एका कस्टमरच्या जोडीने अंडी घातली, एकेका वेळी शेकड्यांनी असतात, झाडांच्या पानांना चिकटवलेली, आणि दोन-तीन आठवड्यांत सेंटीमीटरभर पिल्लं बाहेर. ती सुरुवातीला हलणारंच अन्न खातात. त्यासाठी आर्टेमिया, म्हणजे मिठाच्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी पिल्लं. बाटली उलटी टांगायची, मीठाचं पाणी, अंडी, खालून हवेची नळी, आणि एक-दीड दिवसात पाणी केशरी. हिला ऊब लागते, त्यामुळे जी मुंबईची गरमी तिकडे वैरीण तीच इथे कामाला येते! हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात, खाली टॉर्च धरला की जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, ती बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुवूनच द्यायची. उपाशी ठेवलं तर अ‍ॅक्सोलॉटलची पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. पाय परत येतात हे खरं, पण म्हणून तसं होऊ द्यायचं नाही.

प्राणी आम्ही विकत नाही. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स (CITES), म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. कस्टमरला आम्ही हे आधी सांगतो. दार्जिलिंगकडचा आपला हिमालयन न्यूट कोणी मागितला तर सरळ नाही म्हणतो, तो संरक्षित आहे आणि त्याची जागा तिथल्या तळ्यांतच आहे.

नवीन टँक असेल तर पाणी चार-सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढतात, तोवर चिलर तयार होतो. उन्हाळ्याची ऑर्डर फेब्रुवारीत द्या, मार्चनंतर वेटिंग असतं.