चित्राची वरची बाजू कोणती?

रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, आम्ही कातळशिल्पांची, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रांची, नोंद घेत होतो. खिळे, सुतळी, एक मीटरचे चौकोन आणि आलेखाचा कागद. ऊन डोक्यावर आलं की जांभ्यातली रेघ दिसेनाशी होते, म्हणून आखणी सकाळच्या तिरप्या उन्हातच उरकायची. पसरट अंग, दोन्हीकडे फाकलेले कोन आणि एका टोकाला लांब रेघ असलेली एक आकृती मी 'लांब मानेचा उडता पक्षी' अशी नोंदवली.

पलीकडे गुरं सोडून उभे असलेले काका म्हणाले, "ताई, पाकट हाय ती. शेपटी बघा की!" पाकट म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा. काकांचं तरुणपण होडीवर गेलेलं. मी वळसा घालून त्यांच्या शेजारी गेले. तिथून बघितलं तर मानेची शेपटी झाली होती आणि पंखांचे माशाचे पर.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याच्या गुहाचित्रांना निदान भिंत आहे, वर-खाली ठरलेलं आहे. सडा म्हणजे आडवी जमीन. कागदावर कोणती बाजू वर ठेवायची हे आम्ही ठरवतो, पुढे फलकावर तेच छापलं जातं आणि अर्थ पक्का होऊन बसतो. याच तालुक्यातल्या कशेळीचा कोरलेला हत्ती तर सुमारे १८ मीटरचा, त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेले. आज ड्रोनमुळे तो एका नजरेत मावतो, पण कोरणाऱ्याने तो असा कधी बघितला असेल? जवळच्या बारसू गावातल्या शिल्पात दोन वाघांमध्ये माणूस आहे. त्याचं नातं काहीजण थेट सिंधू संस्कृतीच्या मुद्रांशी जोडतात. मला ही घाई वाटते. उघड्या कातळावर मातीचे थर नाहीत, कोळसा नाही, हाडं नाहीत, मग काळ सांगायचा कशावरून? शेतीची चित्रं आढळत नाहीत, म्हणून ही शिल्पं शिकार करणाऱ्या, कंदमुळं गोळा करणाऱ्या माणसांची मानतात. हा तर्क मला पटतो, पण तो तर्कच आहे.

'पक्षी' मी खोडला नाही. शेजारी 'पाकट' लिहिलं, उत्तर दिशा दाखवली आणि कोण कुठे उभं राहून काय म्हणालं तेही टिपलं. मग उरलेल्या आकृत्या काकांना सोबत घेऊन दोन्ही अंगांनी बघितल्या. यातली काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण बाकीच्या सड्यांचं काय? इथे हाकेच्या अंतरावर चिरेखाण चालू होती. कातळ कापला गेला तर मागे आमचा कागदच उरणार, आणि त्यावर एकच अर्थ असणं मला मान्य नाही.