गणपतीला गावाला निघण्याआधी दाराचा कोयंडा नीट बघून घ्या

गणपती जवळ आले की आमच्या कळव्यात, दिव्यात, ठाण्यात अर्ध्या बिल्डिंगा रिकाम्या होतात. कुणी दिव्याहून सावंतवाडी गाडी पकडतं, कुणी एसटी, कुणी ग्रुप बुकिंग करून आणि मजल्यावर चारातल्या तीन सेफ्टी डोअरना बाहेरून हे मोठ्ठं कुलूप. मला दरवर्षी ते बघून धस्स होतं. कारण जिन्याने वर येणाऱ्या कुणालाही ते कुलूप लांबूनच सांगतं की घरात माणूस नाही, या.

घरफोडी करणाऱ्याला भरलेलं घर नको असतं, त्याला बंद घर हवं असतं. म्हणून लटकतं कुलूप काढा आणि सेफ्टी डोअरला आतल्या आत बसणारं लॉक लावून घ्या, बाहेरून बंद आहे की उघडं ते कळता कामा नये. आणि लॅच नुसतं ओढून लावलं की झालं असं समजू नका हो, ओढल्यावर फक्त स्प्रिंगची जीभ अडकते, ती फटीतून सरकवता येते, किल्ली फिरवली की जो जाड बोल्ट बाहेर येतो तो खरा. भाजी आणायला खाली उतरलात तरी किल्ली फिरवायची, भरदुपारी पण घरं फुटतात.

आता कोयंडा. लोक कुलूप महागातलं आणतात आणि कोयंडा तोच बिल्डरने दिलेला, अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर. कटावणी घातली की कुलूप तसंच राहतं आणि कोयंडा चौकटीसकट निघून येतो. सुताराला बोलवून कोयंडा आरपार नटबोल्टने बसवून घ्या, बोल्ट जिथे जातो तिथली चौकट सडली असेल तर तीही बदला. माझं स्पष्ट मत आहे की हे काम कॅमेऱ्याच्या आधी करायचं. कॅमेरा लावा, जरूर लावा, पण टोपी आणि मास्क घालून आलेल्या माणसाचं फुटेज नंतर बघून काय करणार, दार उघडायला त्याला जास्त वेळ लागला आणि आवाज झाला तर तो निघून जाण्याची शक्यता जास्त.

नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांत आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांनी बाथरूमच्या खिडकीकडे बघा. त्या काचेच्या पट्ट्या एकेक करून हाताने निघतात, पाठी डक्ट आणि ड्रेनेजचा पाइप असतोच, तिथे आतून लोखंडी जाळी हवी. ग्रिल मात्र सगळीकडे कायमचं वेल्डिंग करून टाकू नका, आग लागली तर बाहेर कसे पडणार, एका ग्रिलला उघडणारी खिडकी ठेवा आणि तिची किल्ली घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

सोनं. कपाटाच्या लॉकरमध्ये, तांदळाच्या डब्यात, देवघराच्या ड्रॉवरमध्ये, या जागा चोरालाही पाठ आहेत. बँकेत ठेवा. काहीजण लगेच 2017 ची जुईनगरची आठवण काढतात, शेजारचं दुकान भाड्याने घेऊन भुयार खणलं आणि बँकेचे लॉकर फोडले, खरंय ते. पण त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले, 1 जानेवारी 2022 पासून, चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत. म्हणजे भाडं 3000 असेल तर जास्तीत जास्त 3 लाख. दागिने त्याहून जास्त किमतीचे असतील तर वेगळा विमा काढायचा, एवढं लक्षात ठेवा. आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो, बिल फोनमध्ये नको, मेलवर पाठवून ठेवा. चोरीचा मुद्देमाल सापडला तर तो तुमचाच आहे हे दाखवायला तेच लागतं.

शेजाऱ्यांना सांगून जायचं ही गोष्ट आपण विसरत चाललोय. आमच्या समोरच्या काकू आमच्या दारात अडकवलेली पत्रकं काढून टाकतात, संध्याकाळी एक लाइट लावतात, सकाळी बंद करतात. दिवसाढवळ्या जळणारा दिवा बंद घराचीच खूण आहे, म्हणून हे कुणीतरी माणसाने केलेलं बरं, नाहीतर टायमर लावा. पेपर, दूध बंद करा. आणि गावचे फोटो स्टेटसला टाकायचे ते परत आल्यावर टाका ना, मखर काही पळून जात नाही. घरकाम करणाऱ्या मावशींवर उगाच संशय घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, किती घरांत चोरी होताना आरडाओरडा करणाऱ्या पहिल्या त्याच असतात.

आणि परत आल्यावर दार फुटलेलं दिसलं तर आत जाऊन कपाटं उघडू नका, चोर आत असू शकतो आणि ठसेही पुसले जातात. बाहेरूनच 112 लावा, पंचनामा होईपर्यंत जिन्यात थांबा, एफआयआरची कॉपी मागून घ्या, ती फुकट मिळते आणि विम्याला लागते.